डोंगरी तालुक्यात जमीन घेताना: आधी शिवार, मग सातबारा, मग पुन्हा शिवार

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर शहरातलं एक नोकरदार कुटुंब गगनबावडा किंवा भुदरगडच्या बाजूला दोन एकर घेऊ पाहतंय. मे महिन्यात एजंटानं जागा दाखवली, मोबाईलवर सातबाऱ्याचा फोटो पाठवला आणि सांगितलं, "आठ दिवसांत इसार द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." आता काय तपासायचं, आणि जागा बघायला कधी, कसं जायचं?

आठ दिवसांत इसार, म्हणजे व्यवहाराची आगाऊ रक्कम, देऊ नका. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यातली जमीन शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाट रानासारखी नसते. सपाट रानात बांध दिसतो, शेजारी ठाऊक असतो, पाट कुठून येतो हे उघड असतं. डोंगरात एकाच गटात भाताची खाचरं, वरकस (उताराचं हलकं रान), सडा (जांभ्या कातळाचं पठार) आणि ओढ्याची घळ असं सगळं येतं, आणि त्या गटाला दहा-पंधरा सामाईकदार असतात. तुमच्या नावे किती क्षेत्र होणार हे सातबारा सांगतो. ते क्षेत्र जागेवर नेमकं कुठं, हे तो सांगत नाही. डोंगरी व्यवहार फसतात ते बहुतेक इथंच. एजंट ओढ्याकाठची सपाट खाचरं दाखवतो, आणि मोजणीत हातात येतो वरचा कातळ.

आधी तुम्हाला शेतजमीन घेता येते का, ते बघा. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948 च्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमच्या किंवा वडिलांच्या नावे राज्यात कुठंही शेती असेल तर त्या सातबाऱ्यावरून, वंशावळ जोडून, तहसीलदारांकडून शेतकरी असल्याचा दाखला काढा आणि तो हातात आल्यावरच व्यवहाराला बसा. "दस्त होऊन जातो, नंतर बघू" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. दस्त झाला तरी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद, अडतो, आणि कलम 84क खाली व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होण्यापर्यंत वेळ येते. चंदगड, आजऱ्याकडं बेळगाव आणि गोव्याचे बरेच खरेदीदार येतात. त्यांनी राज्याबाहेरच्या उताऱ्यावर विसंबू नये, तहसीलदारांकडून आधी लेखी खात्री घ्यावी. परदेशात राहणाऱ्या भारतीयांना तर परकीय चलनाच्या कायद्यानं शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेताच येत नाही. वारसानं आली तर गोष्ट वेगळी.

फोटोतला सातबारा बाजूला ठेवा. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा ताजा उतारा स्वतः काढा. सोबत 8अ काढा, म्हणजे विकणाऱ्याच्या खात्यावर आणखी काय आहे ते कळेल. सातबाऱ्यावर ज्या फेरफारांचे क्रमांक आहेत ते सगळे, म्हणजे गाव नमुना 6 च्या नकला, जुन्यात जुन्यापर्यंत मागवा. जुने हस्तलिखित उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. तेही घ्याच, कारण संगणकीकरणात काही नावं आणि शेरे गळाले आहेत. महसूल खात्याच्या "आपली चावडी" या संकेतस्थळावर त्या गटावर एखादा फेरफार प्रलंबित आहे का तेही पाहून घ्या.

आता उतारा वाचायचा कसा ते एका नमुन्यावरून बघू. समजा गटाचं एकूण क्षेत्र 3 हेक्टर 20 आर. त्यात लागवडीयोग्य 2 हेक्टर 10 आर आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र, 1 हेक्टर 10 आर. विकणाऱ्याचा हिस्सा चार आणे, म्हणजे एक चतुर्थांश. त्याच्या वाट्याला 80 आर आले. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि 1 गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर, तेव्हा 80 आरांचे साधारण 79 गुंठे होतात, म्हणजे दोन एकराला एक गुंठा कमी. एजंट ज्याला "दोन एकर" म्हणतोय ते हेच. पण त्यात पिकाखालचं रान 52.5 आरच. म्हणजे 52 गुंठे, एक एकर बारा गुंठे. उरलेले 27 गुंठे कातळ, घळ आणि ओढ्याचं पात्र. भाव मात्र सगळ्या क्षेत्राला एकच लावला जातो. लागवडीयोग्य आणि पोटखराबा वेगवेगळे धरून भाव ठरवा, घासाघीस तिथंच करायची असते. आणखी एक गोष्ट, सरकारी क्षेत्र आडव्या पातळीवर मोजलेलं असतं. उतारावर चालताना रान जास्त वाटतं. त्यावर भुलू नका.

त्यानंतर भोगवट्याचा प्रकार. भोगवटादार वर्ग 1 असेल तर विक्रीला सहसा अडचण नसते. वर्ग 2 (शर्तीची जमीन) दिसला की थांबा आणि कारण शोधा. "कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र" असा शेरा असेल तर ती कुळाला मिळालेली जमीन आहे. 32म प्रमाणपत्राला (कुळानं जमीन विकत घेतल्याच्या दाखल्याला) 10 वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा सरकारला भरून ती विकता येते. तो नजराणा विकणाऱ्यानं भरायचा आणि चलन तुम्ही स्वतः बघायचं. "नवीन अविभाज्य शर्त" असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते.

कोल्हापूरला यापलीकडचाही एक इतिहास आहे. हे संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. बावडा, विशाळगड अशा जहागिऱ्या इथं होत्या, इनामं आणि वतनं गावोगाव होती. त्यामुळं इथल्या उताऱ्यावर देवस्थान इनाम वर्ग 3 वारंवार भेटतो. भोगवटादार म्हणून देवाचं नाव असतं, खाली वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याचं किंवा गुरवाचं नाव असतं. ती जमीन देवाची असते. वहिवाटदार कितीही पिढ्या कसत असला तरी त्याला ती विकता येत नाही. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीतच 3000 हून जास्त देवळं आहेत, त्यावरून या जमिनींचा पसारा लक्षात येईल. महार वतनाच्या जमिनी, ज्यांना गावात हाडोळा म्हणतात, त्याही शर्तीच्याच. धनगरवाड्यावर वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा वारसाकडं जातो, पण विकता येत नाही. गायरानाचा तर प्रश्नच नाही. "वीस वर्षांची वहिवाट आहे" एवढ्यावर कुणी गायरान विकत असेल तर त्याच्याकडं विकायला काहीच नाही.

इतर हक्काचा रकाना सावकाश वाचा. विकास सेवा संस्थेचा इकरार, जिल्हा बँकेचा किंवा पाणीपुरवठा संस्थेचा बोजा तिथं असतो. इकरार म्हणजे पीककर्जासाठी जमिनीवर करून दिलेला बोजा. सहकार कायद्याच्या कलम 48 नं तो फिटेपर्यंत विक्री चालत नाही. रक्कम दोन-चार हजार दिसली तरी सोडून देऊ नका, संस्थेचा बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा दाखला) घेऊन बोजा कमी झाल्याचा फेरफार होऊ द्या. धरणाच्या लाभक्षेत्रातल्या गावात "पुनर्वसन कायद्याखाली हस्तांतरास बंदी" असा शेरा असू शकतो. दूधगंगा, तुळशी, कुंभी, कासारी, कडवी, चिकोत्रा, चित्री, जांबरे, घटप्रभा या प्रकल्पांच्या खाली तर हे आवर्जून बघा. शेरा उठवण्याचा आदेश असेल तर मूळ आदेश पाहा, झेरॉक्सवर जाऊ नका.

आणि "खाजगी वन" हे दोन शब्द. 30 ऑगस्ट 1975 पासून महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्यानं अशा जमिनी सरकारच्या झाल्या. काही उताऱ्यांवर ही नोंद उशिरा चढली, काहींवर अजून चढलेली नाही. म्हणून गट जंगलाला लागून असेल तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गट नंबर देऊन लेखी विचारा. राधानगरी अभयारण्याभोवतीचा इको सेन्सिटिव्ह झोन अधिसूचित झालेला आहे. अभयारण्याच्या हद्दीपासून 1 किलोमीटरच्या आत नव्या हॉटेल-रिसॉर्टला अशा झोनमध्ये मनाई असते. पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह क्षेत्राची मसुदा अधिसूचना केंद्रानं 31 जुलै 2024 रोजी पुन्हा काढली, तिच्यात गावांची तालुकावार यादी आहे. त्या मसुद्यात शेती, खरेदी-विक्री आणि राहतं घर यांवर बंदी नाही. रोख आहे खाणी, लाल वर्गातले (जास्त प्रदूषण करणारे) उद्योग आणि 20,000 चौरस मीटरवरची बांधकामं यांच्यावर. यादीत गाव आहे म्हणून घाबरून जाऊ नका, पण होमस्टे किंवा रिसॉर्ट मनात असेल तर आधी गावाचं नाव शोधा.

आता माणसं. हा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो आणि त्याला तो द्यायलाच हवा. आजरा, चंदगड, शाहूवाडी, बावडा इथली बरीच घरं मुंबईला जोडलेली. आजोबा गिरणीत गेले, एक भाऊ गावात राहिला आणि कसत राहिला, सातबाऱ्यावर त्याचं नाव "ए.कु.मॅ." म्हणून लागलं. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे. त्याच्या नावाआड भाऊ आहेत, त्यांच्या मुली आहेत. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. "बहिणींनी तोंडी सोडलंय" याला कागदावर किंमत नाही, नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. मयताचं नाव उताऱ्यावर तसंच असेल तर आधी वारस नोंद करून घ्या. वारसांत कुणी अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचं, असेल आणि हिस्सा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असेल तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकाला तो विकता येत नाही.

यासाठी वंशावळ कागदावर मांडा. खापर पणजोबापासून सुरू करा आणि प्रत्येक नावापुढं हयात की मयत, राहतो कुठं, सही कोण करणार, हे लिहा. मग गावातल्या दोन वयस्क माणसांना ती दाखवा. एखादी लग्न होऊन गेलेली आत्या राहिली असेल तर ते लगेच सांगतात. सगळे सामाईकदार एकत्र भेटायचे दिवस म्हणजे गणपती, गावची जत्रा आणि मे महिन्याची सुट्टी. बोलणी त्या दिवसांत ठेवली तर मुंबईच्या चार खेपा वाचतात. कुलमुखत्यारपत्रावर सही करणारा असेल तर मूळ मालक आज हयात आहे का ते त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलून बघा. मालक गेला की साधं मुखत्यारपत्र संपतं.

जाहीर नोटीस कोल्हापूरच्या दैनिकात द्या, आणि मुंबईत वारस असतील तर मुंबई आवृत्तीतही द्या. 15 दिवसांची मुदत ठेवा. दुय्यम निबंधक कार्यालयात निदान 30 वर्षांचा शोध घ्या. ऑनलाइन शोधात जुने दस्त मिळत नाहीत, त्यासाठी वकिलाला कार्यालयातली पुस्तकं चाळावी लागतात. दिवाणी दावा आहे का ते ई-कोर्टवर पक्षकाराच्या नावानं बघा आणि तहसील, प्रांत कार्यालयातली महसुली अपिलंही विचारा. डोंगरी भागात वाटणीचे आणि वाटेचे वाद तिथंच पडून असतात.

तुकडेबंदीकडं, म्हणजे किमान क्षेत्राहून लहान तुकडा विकायला असलेल्या बंदीकडंही लक्ष असू द्या. 2023 च्या अधिसूचनेनुसार जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे हे किमान क्षेत्र आहे. पावसावरचं भाताचं रान असेल तर जिरायतच धरून चाला. अलीकडं आलेल्या सवलती मुख्यतः नगरपालिका, प्राधिकरणं आणि रहिवासी झोनसाठी आहेत. दुर्गम वाडीतल्या पाच गुंठ्यांच्या "फार्म प्लॉट"ला त्या लागू आहेत असं कुणी सांगितलं तर लेखी मागा. असे प्लॉट पाडून दहा जणांना एकाच गटात सामाईक नावं लावून देतात. त्यात तुमचा प्लॉट कुठला हे कुठल्याच सरकारी नकाशावर नसतं.

शिवार बघायला किमान दोनदा जा, एकदा जुलैच्या मध्यात आणि एकदा एप्रिलच्या शेवटी. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून 55 किलोमीटरवरच्या गगनबावड्याला तो पाच-सहा हजारांवर जातो. हा फरक कागदावर कळत नाही. बावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीपाशी कुंभी नदीचं पाणी येऊन वाहतूक बंद पडते, तसंच ओढ्यांवरच्या फरशी पुलांचं होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत पुणे-बेंगळुरू महामार्गही पाण्यानं बंद झाला होता, मग वाड्यांकडच्या वाटांचं काय सांगावं. निघण्यापूर्वी कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 39 च्या पुढं गेली असेल तर खेप पुढं ढकला. पाऊस चालू असताना फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं असलं तरी गाडी घालू नका. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा, अणुस्कुरा या घाटांत दरडीमुळं वाहतूक बंद होते, म्हणून खाली कोकणातून यायचं असेल तर दुसरा रस्ता ठरवून ठेवा.

पावसाळी खेपेत काय बघायचं? मुख्य रस्त्यापासून जागेपर्यंत तुमची गाडी स्वतःच्या चाकावर जाते का, की शेवटचा अर्धा किलोमीटर चालावं लागतं. जांभ्याची लाल माती ओली झाली की साबणासारखी होते, उतारावर दुचाकीचंही मागचं चाक फिरत राहतं. ओढा किती फुगतो ते काठावरच्या झुडपांना अडकलेल्या पालापाचोळ्यावरून कळतं. त्या खुणेच्या वर निदान दोन पुरुष उंचीवर घराची जागा हवी. उतारावर अर्धगोल भेगा पडल्यात का, झाडांचे बुंधे खालच्या बाजूला कलून पुन्हा वर वळलेत का, कुठं मातीतून गढूळ पाणी पाझरतंय का, हे बघा. यातलं काही दिसलं तर तिथं घर बांधू नका. वाडीतल्या जुन्या घरांच्या जागा बघा. त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा पाऊस पाहून ती जागा निवडलेली असते. फोनला रेंज कुठवर येते, वीज एकदा गेली की किती दिवस येत नाही, हे घराघरात विचारा. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूचं पाणी, पायात गमबूट, हातात काठी. फुरसं आणि घोणस या भागात आहेत, बांधावरच्या गवतात हात घालू नका. गटाचा नकाशा आधीच मोबाईलमध्ये उतरवून घ्या, तिथं नेट नसेल.

एप्रिलची खेप पाण्यासाठी. जुलैत सगळे झरे वाहतात, त्याचा अर्थ काहीच नसतो. जांभ्याचा सडा पावसाचं पाणी भराभर पितो आणि तितकंच भराभर सोडतो. सड्याच्या पायथ्याला, जांभा संपून खालची चिकट माती सुरू होते तिथं, झरे फुटतात. असा झरा एप्रिलअखेर जिवंत असेल तर त्या जमिनीला किंमत आहे. 15 लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. 30 सेकंदांत भरली तर मिनिटाला 30 लिटर, दिवसाला 43,200 लिटर. टाकी बांधून साठवलं तर घर आणि एकरभर काजू-फळबागेच्या कलमांना ठिबकवर हे पुरून उरतं. तीच बादली भरायला पाच मिनिटं लागत असतील तर दिवसाला 4,320 लिटर होतात. त्यात घर आणि थोडी झाडं, एवढंच. पण तो झरा कुणाच्या गटात फुटतो आणि त्यावर आणखी कुणाचं पाणी आहे, ते विचारा. वाडीच्या नळपाण्याचा उगम असेल तर तुमच्या हद्दीत असला तरी तो वळवायचा विचारही करू नका. बोअर मारणार असाल तर जांभ्यात भिंती ढासळतात, केसिंग कठीण कातळापर्यंत न्यावं लागतं आणि खर्चाचा अंदाज तिथंच चुकतो. नदीतून पाणी उचलायचं तर पाटबंधारे विभागाचा उपसा परवाना लागतो. विकणाऱ्याचा परवाना किंवा संस्थेचं सभासदत्व आपोआप तुमच्या नावे होत नाही.

वाट हा स्वतंत्र विषय आहे. विकणारा वर्षानुवर्षं ज्या वाटेनं जातो ती भावकीच्या मर्जीवर चाललेली असते. तुम्ही परके, तुम्हाला ती मिळेलच असं नाही. गाव नकाशावर दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एक तुटक रेषा म्हणजे पाऊलवाट. तुमच्या गटापर्यंत गाडीमार्ग किंवा पाणंद पोचते का ते पाहा. पोचत नसेल तर मधल्या गटांच्या मालकांकडून खरेदीआधीच नोंदणीकृत दस्तानं वाट घ्या, रुंदी मीटरमध्ये लिहा आणि दोन्ही उताऱ्यांच्या इतर हक्कांत नोंद करा. असलेली वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली आणि नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. पण त्यात वर्षं जातात आणि गावात वैर येतं ते वेगळंच.

मोजणी खरेदीआधीच हवी, आणि ती विकणाऱ्याच्या अर्जावर. सामाईक गटात एकाच हिस्सेदाराच्या तुकड्याची मोजणी सहसा होत नाही. आधी सर्वांच्या संमतीनं कलम 85 खाली वाटप आणि पोटहिस्सा करून घ्या. अर्ज पावसाळा संपता संपता करा. भात कापून होईपर्यंत खाचरांत जाता येत नाही, आणि मे महिन्यात अर्ज केला तर मोजणीदार येण्याआधी वळीव सुरू होतो. मोजणीच्या आदल्या दिवशी कारवी, घाणेरी तोडून कोपऱ्यांपर्यंत वाट करून ठेवा. दाट झाडीत कोपरा दिसला नाही की "अंदाजे" खूण होते, आणि ती अंदाजाची खूण पुढं भांडणाचं मूळ बनते. लगतदार समक्ष हवेत, त्यांच्या सह्या पंचनाम्यावर हव्यात. हद्दीवर दगड लगेच पुरून चुना मारा आणि प्रत्येक दगडाचा शेजारच्या ठळक झाडासकट फोटो काढा. "क" प्रत, म्हणजे मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा, आल्यावर एजंटानं दाखवलेली खाचरं तिच्यात बसतात का ते बघा. मोजणी न करता घेतलेल्या जागेत हेच बसत नाही असं कळायला दोन-तीन वर्षं जातात.

घर बांधायचं असेल तर शेतघराला किमान 0.4 हेक्टर क्षेत्र लागतं आणि 1:5 किंवा त्याहून तीव्र उतारावर परवानगीला अडचण येते. उतार मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरते. 5 मीटर आडव्या अंतरात 1 मीटर उतरण आली की तो 1:5. चार-पाच ठिकाणी मोजा. झाडं तोडून जागा साफ करायचा विचार असेल तर आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शेतीच करायची असेल तर गव्यांचा विचार आधी करा. आजरा, चंदगडात त्यात हत्तीची भर आहे. ऊस आणि भात दोन्ही एका रात्रीत जातं, सौर कुंपणाचा खर्च जमिनीच्या किमतीत धरूनच हिशेब मांडा. चंदगड-आजऱ्यात काजू चालतो, आजरा घनसाळ भाताला भौगोलिक मानांकन आहे, आणि गावातल्या जाणत्याला विचारल्याशिवाय सड्यावर आंब्याची बाग उभी करू नये. तिथला वारा आणि धुकं मोहोर टिकू देत नाही.

हे सगळं जुळलं की मग इसार. साठेखत, म्हणजे खरेदीचा करार, नोंदवूनच करा. त्यात वारस नोंद, बोजा कमी, वाट आणि मोजणी या अटी तारखांसह लिहा, आणि त्या पूर्ण न झाल्यास इसार परत, हेही लिहा. 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत द्यायची-घ्यायची नाही, प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे. खरेदीखतात किंमत खरी लिहा. मुद्रांक शुल्क रेडीरेकनर (सरकारनं ठरवलेला दर) आणि ठरलेली किंमत यांतल्या जास्त आकड्यावर लागतं, नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30 हजार. चतुःसीमेत नुसते गट नंबर नको, मोजणीचा "क" नकाशा दस्ताला जोडा आणि विहीर, झरा, झाडं, वाट यांचा उल्लेख करा.

दस्तानंतर माहिती ई-फेरफारमधून तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं जाते. नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद प्रमाणित झाली की नाही ते स्वतः पाहा. त्याच हंगामात ई-पीक पाहणी तुमच्या नावानं, जागेवर उभं राहून करा. रान पडीक ठेवू नका आणि "तुम्हीच करा, अर्धं पीक द्या" असं तोंडी कुणाला देऊ नका, त्यातून कूळहक्काचा दावा उभा राहू शकतो. गडी ठेवा, मजुरी खात्यावर द्या, बियाणं आणि खताच्या पावत्या तुमच्या नावानं घ्या. आणि मृग निघण्याआधी हद्दीचे दगड एकदा फिरून बघून या, गवत वाढलं की ते पुढं दिवाळीपर्यंत दिसत नाहीत.